मदत हवी आहे: पिशवीभर शंखांत दोन वेगळे निघालेत

नमस्कार मंडळी. मी स्कॉटलंडात ॲबर्डीनला राहते, माहेर मालवणचं. शेजारचे आजोबा बोटीवरून येताना पिशवीभर वेल्क देऊन गेले. इथल्या गार समुद्रातले शंख हो. लोक उकडून व्हिनेगर-मिरपूड लावून खातात, मला मात्र सुकं करायचंय.

मिठाच्या पाण्यात टाकले तेव्हा लक्षात आलं. बाकी सगळे बोटभर, पाठीवर उभ्या नागमोडी वळ्या. दोन मात्र मुठीएवढे, पाठ गुळगुळीत, तोंडाच्या आत नारिंगी झाक. ऑफिसातली एकजण म्हणाली, लाल वेल्क असेल, विषारी असतो. आईला फोन केला तर म्हणते, "दोन शिट्ट्या जास्त काढ, काय होत नाय." रात्री पाहुणे आहेत. कुणाचं ऐकू?

खाडीकाठ: ताई, आईंचा मान राखून सांगतो, ते दोन टाका. वर्णन लाल वेल्कचंच आहे, नेप्च्युनिया अँटिक्वा. त्याच्या लाळग्रंथींत टेट्रामाइन नावाचं विष असतं. शिजवून ते जात नाही, उलट मांसात आणि रश्श्यात उतरतं. मग तासाभरात एकाचे दोन दिसायला लागतात, चक्कर येते, डोकं ठणकतं. बहुधा दिवसभरात उतरतं, पण पाहुण्यांवर प्रयोग कशाला? ग्रंथी काढून खाणारे आहेत. पहिल्याच खेपेला तुम्ही त्या फंदात पडू नका.

वळ्यावाले म्हणजे बक्सिनम उंडाटम, नेहमी खातात तेच. कुकर मात्र नको! खारट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकडा, काट्याने फिरवून मांस ओढा, तोंडावरचं झाकण आणि शेपटाकडचा काळपट भाग काढा. मसाल्यात अगदी शेवटी घाला. जास्त शिजलं की रबर.

(पुळणीवर स्पंजासारखा फिकट गोळा दिसला तर ती यांचीच अंडी. पूर्वी खलाशी त्याने अंग घासत.)

धागाकर्ती: टाकले! एक कापून पाहिला, आत चरबीसारखे पिवळट दोन गोळे. त्याच ग्रंथी ना? पण सगळे तासभर एकाच पाण्यात होते हो.

खाडीकाठ: त्याच. भिजताना अख्खे, जिवंत होते ना? मग पाणी बदला, चोळून धुवा. सुरी आणि पाट मात्र आधी साबणाने घासा, मगच बाकीच्यांना लावा. आणि आजोबांना सांगा, पुढच्या वेळी निवडून द्या म्हणावं.