अनुभव धागा: गावचं धुणं, गावचं पाणी

आठवणी नकोत, त्या खूप झाल्या. पाणी कसलं, दगड कुठला, काय बिघडतं, तेवढंच लिहा.

दर्यापूरकडून

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हिरीचं पाणी खारं राह्यते. साबण कितीबी घासा, फेस धरत नाही. पांढरा साका तेवढा कापडाले चिकटते आन् वाळल्यावर धोतर पिवळं दिसते. 15 लिटरच्या बादलीत आधी दोन चमचे धुण्याचा सोडा टाकाचा, दहा मिनिटं थांबाचं, मंग साबण. सोडा मागून टाकला त उपेग नाही, साका बसून गेलेला असते. शेवटचा खंगाळ गोड्या पाण्याचा. तुरीची डाय बी या पाण्यात लवकर शिजत नाही, तिच्यासाठी गोड्या पाण्याचा गुंड येगळा.

यवतमाळ जिल्हा, नदीकाठ

दगड काळा, गुळगुळीत, पाण्याकडे उतरता हवा. खडबडीत दगडावर आधी लुगड्याची किनार विरते. मोगरी सपाट पडली पाहिजे. कडेनं बसली की कापडाला चंद्रकोरीसारखी चीर जाते. गुंड्या-हुकांची बाजू घडीच्या आत.

वरच्या अंगाला प्यायचं पाणी, मग आंघोळ, मग धुणं, सगळ्यात खाली गुरं, हा क्रम वाहत्या धारेचा. उन्हाळ्यात धार तुटून डोह उरले की वर-खाली काही राहत नाही, तरी लोक त्याच सवयीनं बसतात. तेव्हा प्यायला झिरा. धुण्याच्या दगडांपासून लांब, वरच्या बाजूला, कोरड्या वाळूत हातभर-दोन हात खोदायचं. वाळू ढासळू नये म्हणून बिनबुडाची टोपली आत बसवायची. पहिलं दोन-तीनदा आलेलं गढूळ पाणी काढून टाकायचं, मग वाटीनं गुंड भरायचा. बाजूला गुरांचे खूर उमटलेले दिसले तर तो झिरा सोडा. आणि भरलेलं पाणी उकळूनच प्या. वाळू गाळ धरते, जंतू धरेलच असं नाही.

साकोलीकडे, मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव)

इथं तलाव उतरला की काठचे दगड चिखलात येतात आणि गाळानं पांढरे कपडे मातकट होतात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, धुणं लावू नका. पाणी सांडून माती सुटते, पुढे तिथंच खचते. बेशरमची झुडपं माजली असतील तर तेवढी जागा आधी मोकळी करा.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यावर (1951) गावाच्या वापराचे हक्क निस्तारपत्रकात, म्हणजे त्या हक्कांच्या सरकारी नोंदीत, आले. तुमच्या घाटाची नोंद आहे का, तलाठ्याकडे पाहून घ्या. नोंद नसली की अतिक्रमणाच्या वादात बायांची जागा पहिली जाते.

एक जलसुरक्षक (गावच्या पाण्याची शुद्धता बघणारा), वर्धा जिल्हा

विहिरीभोवती धुणं चालत असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजानं टाकू नका. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले 785, एवढे लिटर पाणी. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम चांगली पावडर. म्हणजे 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर, 70 ग्रॅम. बादलीत कालवून पाच-दहा मिनिटं ठेवा, वरचं निवळ पाणी विहिरीत ओता, खालचा चुना फेकून द्या. तो आत गेला की पाणी अजून जड होतं. बादली दोरानं खालवर हलवा. तासभर कुणी पाणी काढू नये. डबा उघडा राहिलेली किंवा ओली पावडर मात्र काम करत नाही, हीच चूक जास्त दिसते.

दर्यापूरकडून पुन्हा

जलसुरक्षक भाऊ, धुण्याचं सांडपाणी मुरवाले शोषखड्डा एक मीटर खोदला, दगड-विटा-वाळू भरली, तरी पाणी तुंबतेच. काय कराव?

वर्ध्याहून उत्तर

काळी माती आहे ना ताई? ओली झाली की फुगते आणि फटी बुजतात. मुरूम लागेपर्यंत खोदा. तो फार खोल असेल तर खड्ड्याचा नाद सोडून चर काढा आणि केळीला, अळूला पाणी द्या. सोड्याचं पाणी मात्र केळीला नको, ते आधी वेगळं काढा.