मदत हवी आहे : रासने मोजलेल्या तापमानातून उभ्या वाऱ्याचा परिणाम वजा करावा का?

नमस्कार. मी वातावरणविज्ञानाचा विद्यार्थी असून पुण्यातील ४०४ मेगाहर्ट्‌झच्या विंड प्रोफाइलरला (वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजणाऱ्या रडारला) जोडलेल्या रास (RASS), म्हणजे ध्वनी आणि रडारने हवेचे तापमान मोजणाऱ्या, यंत्रणेच्या जुन्या नोंदी तपासत आहे. या पद्धतीत लाउडस्पीकरने आकाशात ध्वनी सोडतात आणि त्याच्या लहरी किती वेगाने वर जातात हे रडार मोजते. त्या वेगावरून तापमान काढता येते. ध्वनीची तरंगलांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी, म्हणजे येथे सुमारे ३७ सेंटिमीटर असली तरच प्रतिध्वनी बळकट मिळतो. त्यामुळे ५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेसाठी ध्वनीची वारंवारता साधारण ९०० ते ९५० हर्ट्‌झमध्ये फिरती ठेवावी लागते.

रासमधून मिळते ते आभासी तापमान, म्हणजे तेवढ्याच दाबाच्या आणि घनतेच्या कोरड्या हवेचे तापमान असते, हे मी आधी विसरलो होतो. किलोमागे १५ ग्रॅम बाष्प असलेल्या उबदार हवेत ते खऱ्या तापमानापेक्षा सुमारे पावणेतीन अंशांनी जास्त भरते. रेडिओसाँडने (फुग्याला बांधून वर सोडलेल्या मापकाने) मोजलेल्या आर्द्रतेवरून फुग्याचेही आभासी तापमान काढल्यावर रात्रीच्या नोंदी चांगल्या जुळल्या. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र जमिनीपासून दीड किलोमीटरपर्यंत रास एक ते दोन अंश जास्त दाखवते.

माझा संशय उभ्या वाऱ्यावर आहे. हवा स्वतःच सेकंदाला एक मीटर वेगाने वर जात असेल, तर तो वेग ध्वनीच्या वेगात मिसळून तापमान सुमारे पावणेदोन अंशांनी जास्त दिसते, आणि उन्हाळ्यातील दुपारच्या ऊर्ध्वप्रवाहांत एवढा वेग अजिबात असाधारण नाही. म्हणून रडारच्या सरळ वर जाणाऱ्या किरणाने मोजलेला उभा वारा मी प्रत्येक नोंदीतून वजा केला. पण फरक कमी होण्याऐवजी आकडे अधिकच विखुरले. वाऱ्याची आणि ध्वनीची मोजणी आळीपाळीने होत असल्यामुळे दोन्ही वेळी हवेचा तोच झोत किरणात नसावा, असे मला वाटते. शिवाय फुगा ती उंची पाचेक मिनिटांत ओलांडतो आणि वाऱ्याबरोबर बाजूलाही सरकतो, त्यामुळे त्यालाच प्रमाण मानणे कितपत योग्य, हाही प्रश्न आहेच.

अशा वेळी दुरुस्ती तासाभराच्या सरासरीवर करावी की वाऱ्याचा संकेत बळकट असलेल्या नोंदींपुरतीच ठेवावी? आणि पावसात ४०४ मेगाहर्ट्‌झला हवेऐवजी पडणारे थेंब दिसू लागतात, तेव्हा वजा होणारा वेग थेंबांचा असण्याची शक्यता असते. ते तास पूर्णपणे वगळावेत, की परतलेल्या संकेताच्या वर्णपटातील हवेचे आणि थेंबांचे अशी दोन शिखरे वेगळी करून हवेचा वेग मिळवण्याची विश्वासार्ह रीत कोणी वापरली आहे? प्रत्यक्ष अशा नोंदींवर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.