सुकलेला सीलंट: पेट्रोल की अंगठा?

डिचोलीकर: एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) मागचं चाक सेकंडहँड घेतलं, ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नाही, पंक्चर बुजवायला टायरमध्ये पातळ सीलंट ओततात ते. विकणाऱ्याने टायर काढून ठेवला, रिम मात्र तशीच दिली. आतल्या खाचेत जुन्या सीलंटचे पिवळट पापुद्रे, व्हॉल्व्हच्या भोकाशी तर वाटाण्याएवढी गाठ. जो येतो तो सांगतो, पेट्रोलचा बोळा फिरव. माझं मत ठाम आहे: पेट्रोल लावू नये. सीलंट बहुतेक वेळा लॅटेक्सचा, म्हणजे रबराचा चीक. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन तरी काय असतं? पेट्रोलच्याच जातीच्या द्रावकात विरघळवलेलं रबर. म्हणजे पेट्रोल लावून आपण रिमवर सोल्युशनच बनवायचं आणि मग ते पुसत बसायचं. कोमट पाणी, साबण, अंगठा आणि प्लास्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) एवढं पुरतं.

पेडण्याचा पप्पू: भाऊ, तुम्हाला वेळ आहे. मला गिऱ्हाइकाला संध्याकाळी सायकल द्यायची असते. चिकट होतं हे मान्य, पण फडकं बदलत गेलं की निघतं. आख्खी रिम अंगठ्याने चोळायला माणूस ठेवू काय?

डिचोलीकर: आणि ते पेट्रोल स्पोकच्या भोकांतून मधल्या हबपर्यंत ओघळलं, बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलं की?

पेडण्याचा पप्पू: चाक उभं धरा आणि जमिनीकडच्या भागावरच फडकं मारत फिरवा. थेंब खाली पडेल, हबकडे वर कसा चढेल? शिवाय फडकं ओलं करायचं असतं, बाटली ओतायची नसते.

सत्तरीची माई: वाळपईकडे आमची थोडी रबराची झाडं आहेत म्हणून बोलते. चीक काढायला गेलं की आधी खापेवर वाळून बसलेली जुनी दोरी उचलायची असते. टोक नखाने सुटं करून बेताने ओढलं तर सलग येते, हिसका दिला की तुटते आणि मग तुकडे टोकरत बसा. अर्धवट ओला चीक बोटांना बरबटतो. म्हणून चाक आधी चांगलं सुकू दे. निघालेल्या पापुद्र्यांचा गोळा करून त्यानेच उरलेला पातळ थर घासा, रबराला रबर धरतं.

कोलव्याचा वारा: एवढा खटाटोप कशाला? व्हिनेगर नाहीतर चिंचेचं पाणी लावा. तांब्याची भांडी लख्ख होतात, रिम का नाही होणार?

सत्तरीची माई: बाबा रे, चीक गोठवायलाच आम्ही फॉर्मिक ॲसिड घालतो! आंबटाने तो विरघळत नाही. आणि तुझी रिम ॲल्युमिनियमची, तांब्याची नव्हे. आंबट फार वेळ राहिलं तर डाग पडतील.

मडगावचा रोडवाला: इथे सगळे एकाच मळात अडकलेत. माझ्याकडे जुन्या रोड बाइकचं ट्युब्युलर चाक आलं होतं. त्यावर टायर चिकटवायच्या गोंदाचे थरावर थर, तपकिरी, काचेसारखे कडक. तिथे साबणाचं पाणी महिनाभर लावा, ढिम्म हलणार नाही. ॲसिटोनचा बोळा थोडा वेळ दाबून ठेवला तेव्हा थर मऊ पडला, मग लाकडी पट्टीने खरवडला. ॲल्युमिनियमच्या रिमला हे चालतं. कार्बनला मात्र ॲसिटोन, थिनर नकोच. स्टिकर आणि रंगही जातात. तेव्हा ‘अंगठा पुरतो’ हा नियम सगळ्या चाकांना लावू नका.

डिचोलीकर: गोंदाचं मान्य. पण चर्चेचा धागा सीलंटचा आहे, तिथे मी हटणार नाही.

मिरामारची सायकलवाली: पप्पूदादा, पेट्रोल नसलं की रॉकेल घेणारेही आहेत. रिम ब्रेकची सायकल असेल तर त्याची तेलकट साय ब्रेक शू घासतात त्या पट्टीवर राहते. पावसात उतारावर काय होईल ते सांगायला नको. घासायला तारेची घासणीही नको. रिमचा ॲनोडाइझ (संरक्षक) थर गेला की आमच्या खाऱ्या हवेत पांढरे खड्डे पडायला वेळ लागत नाही. आणि डिचोलीकर, आतल्या पापुद्र्यांवरून एवढं भांडताय, रिमच्या आतली टेप उपटून निपल, म्हणजे स्पोक आवळणारे बारके नट, बघितलेत का? सीलंट टेपखाली झिरपला असेल आणि निपल ॲल्युमिनियमचे असतील तर ते आतून कुजलेले निघतात. बोटाला पांढरी भुकटी लागली तर चाक सरळ करायला किल्ली फिरवण्याआधी नवे निपल आणा.

डिचोलीकर: टेप आत्ताच उपटली. निपल पितळी आहेत, भुकटी नाही. टेपचा गोंद रिमला राहिलाय खरा, त्याला खोबरेल लावून ठेवलंय.

पेडण्याचा पप्पू: मग ते खोबरेल कशाने काढणार? तेल राहिलं तर नवी टेप धरणार नाही.

डिचोलीकर: स्पिरिटने.

पेडण्याचा पप्पू: पेट्रोल काय वाईट होतं!