‘उमेद देणारं मराठी गाणं संपलं’ म्हणे!

जुनी कॅसेट: काल इथे कुणीतरी फतवा काढला की उमेद देणारं मराठी गाणं ‘या जन्मावर, या जगण्यावर’पाशी संपलं, पुढे नुसता धिंगाणा. पाडगावकर, यशवंत देव, अरुण दाते, तिघांनाही दंडवत. पण ते गाणं पटायला हातात आयता चहा आणि खिडकीबाहेर प्राजक्त लागतो. माझे वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर घरी बसले, ते बसलेच. त्यांना धरून ठेवलं प्रल्हाद शिंदेंच्या ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ने. फीत अडकली की मी पेन्सिल घालून गुंडाळायचो. तुमच्या उमेदीच्या यादीत ते गाणं कधीच का नसतं?

शुक्रतारा: फतवा माझाच. आयता चहा? माझ्या आईला केमोच्या दिवसांत चहाचा वाससुद्धा सोसायचा नाही. तरी सकाळी हेच गाणं लाव म्हणायची. आणि अरुण दाते कापडधंद्यातलेच इंजिनीअर होते, नोकरी सांभाळून गायले. गिरणी काय तुम्हालाच ठाऊक?

वेसावकर: यादीचं म्हणाल तर ‘मी डोलकर’ सगळ्यांच्या यादीत असतं. शब्द शांताबाईंचे, चाल हृदयनाथांची, आवाज लताबाई आणि हेमंतकुमारांचा. गोड आहे, नाही कोण म्हणतंय? पण आमच्या हळदीला ‘वेसावची पारू’ लागलं की म्हातारी माणसं खुर्ची सोडतात. ते मात्र तुमच्यासाठी ‘गोंगाट’.

शुक्रतारा: कोळीगीतांना कोण गोंगाट म्हणालं? मी ‘झिंगाट’बद्दल बोलत होतो.

सातारी तर्री: घ्या! ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद रेकॉर्ड करून आले. धिंगाण्यासाठी एवढी यातायात कोण करतं?

तिसरा मजला: वाद्यवृंद असेल हो, आमच्यापर्यंत येतो तो ट्रॅक्टरवरच्या डीजेचा दणका. बायपास करून वडिलांना घरी आणलं त्याच रात्री खाली वरात थांबली, पाऊण तास. कपाटातली भांडी वाजत होती. हात जोडायला खाली गेलो तर नवरदेवाच्या मामाने मलाच खांद्यावर घेतलं.

सातारी तर्री: 😂 माफ करा, पण मामा भारी.

तिसरा मजला: हसा. तुमच्या घरात आजारी माणूस असेल तेव्हा बोलू.

जुनी कॅसेट: विषय कुठे चाललाय? आवाज वाढवणारा डीजेवाला, शिक्षा गाण्याला?

बँडवाल्याचा नातू: डीजेचं निघालंच आहे तर ऐका. आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीत हमखास ‘ऐरणीच्या देवा’. त्याची चाल लताबाईंची, आनंदघन नावाने केलेली, हे ते दर वेळी अभिमानाने सांगायचे. लोक डीजे मागायला लागले तसा बँड मोडला. लाल कोट अजून खुंटीला आहे, बटणं काळी पडलीत. तेव्हा डीजेची वकिली माझ्यासमोर नको.

सातारी तर्री: बरं बाबा, डीजेची नाही करत. ‘झिंगाट’ची करू का?

शुक्रतारा: करा, करा. तुम्हाला आयतं कोलीतच देतो. भाच्याच्या लग्नात आई ‘झिंगाट’वर नाचली होती, बदललेला गुडघा घेऊन, पदर खोचून. दोनच मिनिटं. मी व्हिडिओही काढला नाही, लाज वाटली म्हणून.

वेसावकर: मग कालचा फतवा?

शुक्रतारा: ‘झिंगाट’पुरता मागे. बाकी तसाच.