आठवीतल्या मुलीचा फोन, इन्स्टाग्राम आणि आजोबांचं गूगल अकाउंट

प्रेषक: विलेपार्ल्याहून, मंडळाची जुनी सभासद
विषय: मुलीचा फोन – प्रायव्हसीबद्दल सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतून परतून आता आमचा मुक्काम पार्ल्यात, पण मंडळाच्या ईमेल-यादीवर अजून आहोत. मुलगी आठवीत, तेरा पूर्ण. फोन अँड्रॉइड. सिम आजोबांच्या नावावर. तिचं तिकडे काढलेलं अकाउंट टाकलं तर इथली काही ॲप्स प्ले स्टोअरमध्ये दिसत नव्हती, म्हणून फोन आजोबांच्याच गूगल अकाउंटवर सुरू केला. बाबा अजून तिकडेच आहेत. शाळेची बस, क्लास, सोसायटीतलं बॅडमिंटन, सगळे ग्रुप व्हॉट्सॲपवर. आता इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट हवंय. सरसकट नाही म्हणायचं नाहीये. पण कुठली माहिती बाहेर जाते आणि ती कशी अडवायची? घरात एक मत असंही आहे की तिचे मेसेज वाचता येतील असं एखादं ॲप गुपचूप टाकून ठेवावं.

– पार्ल्याहून

*

प्रेषक: मुलुंडहून
विषय: उत्तर: मुलीचा फोन

ताई,

> फोन आजोबांच्याच गूगल अकाउंटवर सुरू केला

इन्स्टाग्रामचं नंतर बघू, आधी हे निस्तरा. आज त्या फोनच्या लेखी वापरणारी व्यक्ती सत्तरीची आहे. म्हणजे प्ले स्टोअर आणि यूट्यूब तिला मोठ्यांचंच सगळं दाखवणार. त्याहून वाईट म्हणजे आजोबांचे कॉन्टॅक्ट्स त्या फोनवर सिंक झालेले असणार. उद्या तिने इन्स्टाला ‘कॉन्टॅक्ट्स अलाउ’ केलं की आजोबांची अख्खी डायरी, डॉक्टर, बँकेतले साहेब, गावाकडची मंडळी, सगळी मेटाच्या (इन्स्टाच्या मालक कंपनीच्या) सर्व्हरवर. त्या लोकांना कोणी विचारलेलं नसतं.

अकाउंट बदलताना घाई केली की व्हॉट्सॲपच्या गप्पा जातात. बॅकअप आजोबांच्या गूगल ड्राइव्हवर असतो आणि रीसेटनंतर तिच्या अकाउंटवरून तो सापडत नाही. म्हणून क्रम असा ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे गूगल अकाउंट बदलून तिचं निवडा. त्याच पानावर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. त्याला पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ आकडी ‘की’ (किल्ली) मिळते, ती कागदावर लिहून कपाटात. पासवर्ड विसरला किंवा ती ‘की’ हरवली तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, कंपनीलासुद्धा. मग नवा बॅकअप घ्या. गॅलरीतले फोटो वेगळे उतरवून घ्या. त्यानंतर सेटिंग्जमधून आजोबांचं अकाउंट रिमूव्ह करा आणि मगच फॅक्टरी रीसेट. रिमूव्ह न करता रिकव्हरी मेनूतून रीसेट मारलात तर फोन चालू होताना आजोबांचा पासवर्ड मागत बसतो.

आता ॲप्स न दिसण्याचं. प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि त्याला इथली पैसे भरण्याची सोय जोडावी लागते. दुसरं, फॅमिली ग्रुपचा मॅनेजर आणि बाकीचे एकाच देशात राहणारे असावेत असा गूगलचा नियम आहे. तेव्हा बाबा तिकडे बसून मॅनेजर राहण्यापेक्षा तुम्ही इथे ग्रुप करा, तिला त्यात घ्या आणि फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर देखरेखीचं गूगलचं ॲप) लावा. ग्रुपही बारा महिन्यांत एकदाच बदलता येतो, म्हणून उगाच प्रयोग करू नका.

सिम आजोबांच्या नावावर असणं बरोबरच आहे; अठराच्या आत सिम मिळत नाही. फक्त तो नंबर त्यांच्या बँकेला किंवा यूपीआयला जोडलेला नाही ना, एवढं बघा. जोडलेला असेल तर त्यांचे ओटीपी मुलीच्या फोनवर येतील, आणि एसएमएसची परवानगी मागणाऱ्या कुठल्याही फालतू गेमलाही ते दिसतील.

इन्स्टाग्राम. इथे सगळं एका तारखेवर अडलेलं आहे. खरी जन्मतारीख टाकली तर तिला टीन अकाउंट मिळतं, भारतात ते फेब्रुवारी २०२५ पासून आहे. अकाउंट आपोआप प्रायव्हेट, ज्यांना ती फॉलो करते किंवा जे आधीच जोडलेले आहेत तेच मेसेज करू शकतात, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि सोळाच्या आत यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. जाहिरातदारांनाही अठराच्या आतल्यांना फक्त वय आणि ठिकाण यांवरून गाठता येतं. मैत्रिणींचं ऐकून तिने २००० साल टाकलं की यातलं काहीच लागू होत नाही. ‘अकाउंट प्रायव्हेट केलंय’ म्हणून पालक निश्चिंत, आणि कंपनीच्या लेखी मुलगी पंचविशीची.

आधीच एखादं अकाउंट असेल तर इन्स्टाच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये, पर्सनल डिटेल्समध्ये तारीख तपासा. दुरुस्त करताना जपून, तारखेत तेराच्या आतलं वय निघालं तर अकाउंट बंद होतं.

प्रोफाइल ‘प्रोफेशनल’ (बिझनेस किंवा क्रिएटर) करू देऊ नका. रीलला किती व्ह्यूज आले ते आकडे बघायला मिळतात म्हणून मुलं हे करतात, पण प्रोफेशनल अकाउंट प्रायव्हेट ठेवता येत नाही. २०२२ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने इन्स्टाग्रामला ४० कोटी ५० लाख युरोंचा दंड केला, त्यातला एक मुद्दा हाच होता: बिझनेस अकाउंट केलेल्या मुलांचे फोन नंबर आणि ईमेल उघडे पडत होते.

कॉन्टॅक्ट्सना फोनच्या परमिशन मॅनेजरमध्येच ‘डोन्ट अलाउ’. मात्र एकदा परवानगी देऊन नंतर काढली तर आधी वर गेलेली यादी तिथेच राहते. ती अकाउंट्स सेंटरमधून, ‘युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’मधून, वेगळी पुसावी लागते. फोटोंना, अँड्रॉइड १४ असेल तर, निवडलेले फोटोच द्या. लोकेशन नाहीच.

– मुलुंडहून

*

प्रेषक: ठाण्याहून
विषय: उत्तर: उत्तर: मुलीचा फोन

स्नॅपचॅटबद्दल थोडक्यात. स्नॅप मॅप (मित्रांना नकाशावर आपलं ठिकाण दाखवणारा भाग) उघडून वरच्या गिअरमधून घोस्ट मोड चालू करा, म्हणजे ठिकाण लपतं, आणि वेळ विचारली तर ‘मी बंद करेपर्यंत’ निवडा. ‘२४ तास’ निवडलं की दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतो. ‘फाइंड फ्रेंड्स’मध्ये आपण दिसायचं बंद करा, नाहीतर मित्राच्या मित्राच्या मित्राकडून विनंत्या येत राहतात. फॅमिली सेंटर (पालकांसाठीची सोय) जोडलंत तर मित्रयादी आणि गेल्या सात दिवसांत ती कोणाशी बोलली एवढं दिसतं, मजकूर दिसत नाही.

खरी गोची स्ट्रीकची, म्हणजे रोज एकमेकांना स्नॅप पाठवून चालू ठेवलेल्या सलग दिवसांच्या मोजणीची. परीक्षेच्या काळात किंवा गावी रेंज नसताना स्ट्रीक तुटू नये म्हणून मुलं मैत्रिणीला पासवर्ड देऊन ठेवतात. पुढे भांडण झालं की त्या अकाउंटवरून काय जाईल सांगता येत नाही. टू-फॅक्टर (पासवर्डाबरोबर वेगळा कोडही मागणारी सोय) लावून ठेवलं तर नुसत्या पासवर्डावर भागत नाही. आणि फोटो नाहीसा होतो यावर तिचा विश्वास असेल तर दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढून दाखवा. स्क्रीनशॉटची सूचना जाते, याची जात नाही.

– ठाण्याहून

*

प्रेषक: दादरहून
विषय: उत्तर: उत्तर: मुलीचा फोन

मुलुंडकरांचं सगळं पटलं, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. कोणाशी बोलते एवढंच कळून काय उपयोग? काय बोलते ते कळायला नको? तेरा वर्षांच्या मुलीची कसली आलीय प्रायव्हसी? मी तर म्हणेन ताईंच्या घरातलं ते दुसरं मत चुकीचं नाही.

– दादरहून

*

प्रेषक: मुलुंडहून
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मुलीचा फोन

काका, बगल नाही, ते वेगळं लिहायचं होतं. मुलीच्या हक्काचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवू. निव्वळ माहितीच्या सुरक्षिततेपुरतं बघितलं तरी गुपचूप टाकायची ॲप्स सगळ्यात वाईट.

ती सहसा प्ले स्टोअरवर मिळत नाहीत. वेबसाइटवरून एपीके (ॲपची फाइल) उतरवायची, प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स पकडणारी गूगलची तपासणी) बंद करायचा, अनोळखी सोर्सला परवानगी द्यायची आणि मग ॲक्सेसिबिलिटीची परवानगी. ही शेवटची म्हणजे स्क्रीनवर जे जे उमटतं ते वाचायची आणि तिच्या वतीने बटणं दाबायचीही मुभा. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरच्या ॲपला ही परवानगी द्यायला फोन आधी आडकाठी करतो, आणि ही मंडळी ती काढायची कशी याचे व्हिडिओ देतात! प्ले प्रोटेक्ट बंद राहिल्यावर पुढचं प्रत्येक भामटं ॲप निवांत शिरतं.

आणि वाचलेले मेसेज तुमच्याकडे थेट येत नाहीत. आधी कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर साठतात, मग तुम्हाला डॅशबोर्डवर दिसतात. एमस्पाय हे त्यातलं गाजलेलं नाव. त्यांच्याकडची माहिती २०१५, २०१८ आणि २०२४ अशी तीनदा फुटली. म्हणजे मुलीचे फोटो अनोळखी माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून आपण पैसे भरून ते अनोळखी सर्व्हरवर ठेवायचे.

मजकूर बघायचाच असेल तर तिच्या शेजारी बसून, तिला सांगून, तिच्या फोनवर बघा. व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेसही एकत्रच तपासा. पालकांनी जोडलेला लॅपटॉप विसरला जातो आणि क्लासमधल्या मुलाने थट्टेने जोडलेलाही तिथेच सापडतो. इन्स्टावर फॅमिली सेंटरमधून सुपरव्हिजन लावा, त्यासाठी तुमचं स्वतःचं इन्स्टा अकाउंट लागेल. गेल्या सात दिवसांत तिने कोणाला मेसेज केले ते दिसतं. यादीत अनोळखी नाव दिसलं की विचारायचं, कोण हा?

– मुलुंडहून

*

प्रेषक: विलेपार्ल्याहून
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मुलीचा फोन

सगळ्यांचे आभार. अकाउंट बदलायचं काम रविवारी. दोन शंका आहेत. क्लासच्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत, तिचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्याला काय करता येईल? आणि कायद्याचं वय नेमकं किती, तेरा की अठरा?

*

प्रेषक: डोंबिवलीहून
विषय: उत्तर: क्लासचा ग्रुप आणि कायदा

ग्रुपमध्ये नंबर लपत नाही. उपाय क्लासवाल्यांच्या हातात आहे: कम्युनिटी करून फक्त अनाउन्समेंट ग्रुप वापरायचा. तिथे नंबर ॲडमिनला आणि ज्यांनी तो आधीच सेव्ह केलाय त्यांनाच दिसतो, बाकीच्यांना नाही. वेळापत्रक आणि सुट्ट्या कळवायला तेवढं पुरतं. चार पालकांनी मिळून मागितलं तर क्लासवाले करतात, त्यांचाही ‘गुड मॉर्निंग’चा त्रास टळतो. तोवर तिच्या जागी तुमचा नंबर ग्रुपात ठेवा. तिच्या व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीत प्रोफाइल फोटो, लास्ट सीन, स्टेटस आणि ‘ग्रुप्स’ हे चारही ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर, अनोळखी कॉल सायलेंट, आणि सहा आकडी टू-स्टेप पिन. पिनला रिकव्हरी ईमेल तुमचा द्या.

कायदा: तेरा हे त्या कंपन्यांचं वय, मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आलेलं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल. पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर सेटिंग्ज आपल्यालाच लावायच्या.

फोटोवरून कोणी धमकावलं तर चॅट डिलीट करू नका आणि पैसे देऊ नका. स्क्रीनशॉट, युजरनेम, वेळ जपून ठेवा. तक्रारीला सायबर हेल्पलाइन १९३० किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. अठराच्या आत काढलेला खाजगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो ओळखून काढतात.

– डोंबिवलीहून

*

प्रेषक: मुलुंडहून
विषय: उत्तर: क्लासचा ग्रुप आणि कायदा

एक राहिलं. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन टॅग’ बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातलं ठिकाण गळून जातं, पण क्वालिटी उतरू नये म्हणून मुलं प्रोजेक्टचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात, त्यात घराचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जातात. आणि टॅग नसला तरी मागे सोसायटीच्या नावाची पाटी, युनिफॉर्मवरचा बिल्ला, स्कूल बसचा नंबर असतोच. बायोमधून शाळा, इयत्ता आणि वाढदिवस काढायला सांगा. अकाउंट प्रायव्हेट असलं तरी बायो सगळ्यांना दिसतो.

– मुलुंडहून