सुट्टीत ओढ्याच्या कामावर जातेय, कोणी केलंय का हे काम?

भूगोलवाली
नमस्कार. मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय भूगोल. एका संस्थेने मे-जूनसाठी पुरंदर तालुक्यात ओढा पुनरुज्जीवनाच्या कामावर मदतनीस म्हणून घेतलंय. गावातच राहायचं, जेवणखाण त्यांच्याकडे, वर थोडं मानधन. डंपी लेव्हल (जमिनीची उंच-सखलता मोजायची दुर्बीण) कॉलेजात हाताळलीय, अनुभव तेवढाच. पण मे महिन्यात ओढा ठणठणीत कोरडा असणार, मग मोजायचं काय? आणि सोबत काय नेऊ?

कऱ्हाकाठ
जरूर जा. मीही कॉलेजात असताना असाच लागलो आणि पुढे याच कामात राहिलो.

ओढा कोरडा असतो तेव्हाच त्याचा तळ नीट वाचता येतो. ठरावीक अंतरावर पात्राचे आडवे छेद घ्याल, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळाची उंच-सखलता मोजाल, तिथे तुझी डंपी लेव्हल कामाला येईल. मग दगड मोजणं. पात्र ओलांडत चालायचं, पावलापुढे बोट टेकवायचं, लागेल तो दगड उचलायचा आणि त्याची मधली बाजू, म्हणजे सगळ्यात लांबही नाही आणि सगळ्यात आखूडही नाही ती, पट्टीने मोजायची. असे शंभर. वोल्मन या अमेरिकन नदी-अभ्यासकाने १९५४ साली मांडलेली पद्धत आहे, आजही तीच चालते. मोठाच दगड उचलायचा मोह होतो, म्हणून तळाकडे न बघता बोट टेकवायचं.

काठच्या बाभळींकडे नीट बघ. फांद्यांत वाळलेलं गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, ठिबकच्या नळीचे तुकडे एका उंचीवर अडकलेले दिसतील. पुराचं पाणी तिथवर आलं होतं. ती उंची नोंदव आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचार, कुठल्या पावसात आलं. नकाशात न सापडणारी माहिती तिथे मिळते.

विहिरींची पातळीही आत्ताच घ्या. मेमधली आणि ऑक्टोबरमधली पातळी शेजारी ठेवली तरच कामाचा उपयोग झाला की नाही ते कळतं.

एक मात्र कळकळीने सांगतो. पुनरुज्जीवन म्हणजे जेसीबीने खोलीकरण असं कोणी म्हणालं, तर प्रश्न विचार. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि झिजलेला, भेगाळ खडक. तोच खरवडून काढला की ओढा खोल दिसतो, पण शेजारच्या उथळ विहिरींचं पाणी त्याच्यात उतरून वाहून जातं. काठावर रचलेला मुरूम पहिल्या वळवात परत पात्रात. असे सरळ, बोडके केलेले ओढे मी फार पाहिलेत आणि दर वेळी जीव तुटतो.

सासवडची ताई
दादा, बोट न बघता टेकवायचं हे ठीक, पण आधी काठीने ठोकून घ्यायला सांगा! दगडांच्या ढिगात आणि पालापाचोळ्यात घोणस असते. भूगोलवाली, घोट्याच्या वर येणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घे. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचं इंजेक्शन आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव. काम सकाळी सहाला सुरू करा, अकराला सावलीत. मुलींच्या राहण्याची आणि संडासाची सोय काय, हे जायच्या आधी फोनवर स्पष्ट विचार. त्यात संकोच नको. आणि अंजिरं संपायच्या आत पोच.

भूगोलवाली
ताई, दादा, खूप आभार. आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. जूनमध्ये काठावर झाडं लावायची आहेत म्हणे. कुठली लावतात?

कऱ्हाकाठ
सगळीकडे एकच झाड नको. पात्राला लागून, माती धुपते तिथे वाळ्याचे ठोंब, निर्गुडी आणि ओल टिकत असेल तर वाळुंज. काठाच्या वर करंज, उंबर, जांभूळ. करंजाच्या वाळलेल्या शेंगा मेमध्ये झाडाखाली मिळतील, गोळा करून ठेव. जांभळाचं बी मात्र साठवू नका, फळ खाल्लं की लगेच पिशवीत लावा, वाळलं की उगवत नाही. घाणेरी आणि बेशरम ही माजलेली झुडपं उपटायची असतील तर पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, मुळासकट. उपटलेली बेशरम ओढ्यात टाकू देऊ नका, तिचा तुकडा ओलीत पडला की पुन्हा फुटतो.