जुनं घर आजच्या संसाराला बेतताना: काय ठेवलं, काय बदललं, कसं?

एका टेम्पोत भंगाराबरोबर जुन्या लाकडी चौकटी चाललेल्या दिसल्या आणि हा विषय परत डोक्यात शिरला. चौकट बहुतेक वेळा कुजते ती खालच्या वीतभर भागात, कारण पाणी तिथेच मुरतं. तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवता येतो. अख्खी चौकट उपटली की भोवतीचा गिलावा निघतो, वरची कमानही सैल होऊ शकते. अशी कामं ज्यांना माहीत आहेत त्यांनी खाली प्रतिसादात तपशिलात लिहा, मापांसकट.

ओसरी
आधी ओल, बाकी सगळं नंतर. भिंत खालून मीटरभर ओली दिसली की लगेच रसायनं टोचून घेऊ नका. बाहेर जाऊन बघा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिमी खाली हवी. भर पडत पडत, वर फरसबंदी होत ती चढत जाते. पन्हळ कुठे फुटली आहे का, पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडतंय का, तेही बघा. कारण दूर केल्यावरही जाड भिंत वाळायला महिने घेते. तोवर रंग नको.

चुनखडी
@ओसरी, सहमत, +१. आणि चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कृपया करू नका!! ओल आत कोंडते, क्षार साठतात, मऊ विटेचा भुगा होतो. गिलावा चुन्याचाच, चुना १ ला वाळू ३. भिंत आधी नीट भिजवायची, थर १० मिमीच्या आसपास, त्याहून जाड केला की तडे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस ओलं गोणपाट. उन्हाने भरकन वाळला तर भुसभुशीत राहतो. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. वरून रंगही चुन्याचाच, प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत फुकट.

झोपाळा
स्वयंपाकघर आणि मधली खोली एक करायची आहे. मधली भिंत ९ इंची. पाडली तर चालेल का? मुलांकडे लक्ष ठेवता येत नाही स्वयंपाक करताना.

पटाशी
@झोपाळा, जाडीवरून ठरत नाही. वरच्या तुळया त्या भिंतीवर टेकल्यात का, वर अजून एक भिंत उभी आहे का, हे बघायला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच. आधी टेकू, मग तोडणं, तेही हातोडी-छिन्नीने. नव्या तुळईला दोन्ही टोकांना निदान १५० मिमी टेकण मिळायला हवं. आणि पूर्ण भिंत काढूच नका ना. दोन्ही बाजूंना हातभर भिंत आणि वरचा पट्टा ठेवून रुंद उघाड करा, लक्ष ठेवण्यापुरतं तेवढं पुरतं आणि मूळ खोल्याही ओळखू येतात.
तुळयांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हर टोचून तपासा, कुज तिथून सुरू होते.

फ्यूजतार
वायरिंग. जुन्या वायरीचं रबर कडक होऊन गळतं, हात लावला की तांबं उघडं. सगळी बदला. दिव्यांना १.५, प्लगना २.५ चौरस मिमीची वायर, गीझर-एसीला ४ ची आणि प्रत्येकी स्वतंत्र सर्किट. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आवश्यक. भिंतीत आडवी खाच जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नको, उभी एक तृतीयांशापर्यंत. चुन्याच्या भिंतीत मी खाच सुचवतच नाही, लाकडी पट्टीवरून नेलेली वायर जुन्या खोलीत शोभते आणि पुढे दुरुस्तीही सोपी.

झोपाळा
धन्यवाद पटाशीताई, इंजिनिअर गाठते. दारांचा जुना रंग घासून काढायला सुरुवात झालीये, घरभर धूळ, बाळाला खोकला :(

चुनखडी
थांबवा आधी! जुन्या रंगात शिसं असू शकतं, बाळासाठी ती धूळ फार वाईट. रंगाची तपासणी होईपर्यंत बाळाला त्या भागापासून लांब ठेवा, खोकल्याचं डॉक्टरांना दाखवा आणि रंगाबद्दलही सांगा. कोरडं घासायचंच नाही, पाणी मारत ओलं घासायचं, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

पागोळी
काळजी घ्या गं. वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशीवर न्हाणीघर करणाऱ्यांसाठी: १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर फरशी आणि वाळूचं वजन. म्हणून फरशीखाली जाड मसाला नको, वॉटरप्रूफ प्लाय आणि त्यावर पाणी अडवणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन). पडदा भिंतीवर निदान १५० मिमी चढवा, शॉवरपाशी डोक्याच्या वरपर्यंत. फरशी लावण्याआधी पाणी तुंबवून २४ तास ठेवा. संडासाचा पाइप १०० मिमीच्या घरातला असतो, तो तुळया कापून नेऊ नका, न्हाणीघरच उभ्या पाइपाजवळ घ्या.

ओसरी
रंग काढल्यावर दारांना अळशीचं तेल देतात ना? किती हात?

पटाशी
पातळ २-३ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. १५-२० मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेटतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.